कोऱ्या पत्राला किती मार्क?

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)

मी पुणतांब्याचा, असं सांगितलं की समोरचा माणूस दोन प्रश्न हमखास विचारतो. पहिला, "म्हणजे शिर्डीजवळचं का?" आणि दुसरा, "ते संपाचं पुणतांबा का?" दोन्हीचं उत्तर 'हो'. १ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप आमच्याच गावातून सुरू झाला. मी तेव्हा शाळेत होतो आणि मला अप्रूप एकाच गोष्टीचं होतं, की आपलं गाव टीव्हीवर दिसतंय! तिसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. तो म्हणजे, "चांगदेवांचं पुणतांबा का?"

गोदावरीच्या काठी आमच्या गावात चांगदेव महाराजांची समाधी आहे. त्यांची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेलच. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन निघालेले चांगदेव आणि त्यांना सामोरी गेलेली भिंत. पण त्याआधीचा भाग मला जास्त आवडतो. चौदाशे वर्षं जगलेले हे योगी ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यातच अडकले. ज्ञानदेव वयाने लहान, म्हणून 'चिरंजीव' लिहावं, तर ज्ञानाने मोठे. 'तीर्थरूप' लिहावं, तर कालचं पोर! शेवटी त्यांनी कागद कोराच पाठवून दिला. मुक्ताबाईने तो पाहिला आणि एवढं जगूनही हा बाबा कोराच राहिला, असा टोला मारला. निवृत्तीनाथांनी मात्र ज्ञानदेवांना सांगितलं की याला उत्तर लिही. त्या उत्तराच्या पासष्ट ओव्या झाल्या. तीच 'चांगदेव पासष्टी'.

आता मित्रांनो, कल्पना करा. हेच पत्र आपल्या कॉलेजच्या ऑनलाइन ग्रुपवर आलं असतं तर? पोस्ट शून्य. रिप्लाय शून्य. पार्टिसिपेशनचे मार्क शून्य. आणि चांगदेवांचं नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये, नोटीस बोर्डावर!

विनोद बाजूला ठेवू. झालं असं, की सेकंड इयरला एका विषयाच्या टर्मवर्कमधल्या २५ मार्कांपैकी १० मार्क 'ऑनलाइन सहभागा'ला होते. कल्पना चांगलीच होती. वर्गाचा ग्रुप, त्यावर डाऊट विचारायचे, एकमेकांना उत्तरं द्यायची. कोण किती शिकतंय हे सरांना तिथूनच कळावं, नुसत्या परीक्षेवरून नको. तत्त्व म्हणून मला हे आजही पटतं. तीन तासांच्या पेपरात जे दिसत नाही ते तिथे दिसू शकतं. प्रश्न नेमका विचारता येतो का? दुसऱ्याला समजेल असं सांगता येतं का? आपलं चुकलं तर कबूल करता येतं का? कंपनीत गेल्यावर रोज लागणारी हीच तर कौशल्यं आहेत, आणि त्यांची कुठेच परीक्षा होत नाही.

पण मार्क कसे दिले? ग्रुपवरून एक एक्सेल शीट निघाली. नाव, पोस्टची संख्या, रिप्लायची संख्या, बेरीज. बेरजेवरून मार्क. झालं!

ही बातमी सबमिशनच्या तीन आठवडे आधी फुटली आणि त्या दिवसापासून ग्रुपचं रूपच पालटलं. "थँक यू फॉर शेअरिंग." "व्हेरी नाइस एक्स्प्लनेशन." "सेम डाऊट." एकाने रात्री अकरा ते एक या वेळेत सत्तर मेसेज टाकले. दुसऱ्याने उत्तराचे पाच तुकडे करून पाच पोस्ट केल्या, कारण एका पोस्टला एकच धरतात ना! सगळ्यात कहर म्हणजे एका महाशयांनी स्वतःच डाऊट विचारला, रूममेटच्या फोनवरून त्याचं उत्तर दिलं आणि परत स्वतःच्या नावाने आभार मानले. तिन्ही पोस्ट मोजल्या गेल्या.

मी दुसऱ्यांना हसतोय असं समजू नका. मला १० पैकी ९ मिळाले. माझ्या पोस्ट आता वर जाऊन वाचल्या तर त्यातल्या चाळीसएक 'नाइस' या एका शब्दाभोवती फिरतात. ते ९ मार्क माझ्या कुठल्या कौशल्याचे होते, हे कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. अंगठा चालवण्याचे, एवढंच म्हणता येईल.

आता माझ्या दोस्ताची गोष्ट. नाव सांगत नाही, त्याला आवडायचं नाही. आम्ही दोघं पुणतांब्याहून रोज पॅसेंजरने ये-जा करायचो. तो ग्रुपवरचं सगळं वाचायचा. अगदी सगळं! गाडी लेट असली (आणि ती असतेच) की फलाटावरच्या बाकड्यावर वही उघडून ग्रुपवर आलेला प्रोग्रॅम हाताने ट्रेस करायचा. डब्यात मला आणि आणखी दोघातिघांना समजावून सांगायचा. पण ग्रुपवर लिहायचा नाही. मी एकदा विचारलं, "का रे लिहीत नाहीस?" म्हणाला, "इंग्लिश चुकलं तर सगळ्या वर्गाला दिसतं. डब्यात चुकलं तर तुलाच दिसतं."

पूर्ण सेमिस्टरमध्ये त्याने दोन पोस्ट टाकल्या. पहिली लिंक्ड लिस्टबद्दल. लिस्टमधला पहिला नोड डिलीट करायचं फंक्शन त्याने 'सी'मध्ये लिहिलं होतं. फंक्शनच्या आत छापून पाहिलं तर लिस्ट बरोबर, बाहेर येऊन पाहिलं की गडबड. मधला किंवा शेवटचा नोड काढला की सगळं ठीक, फक्त पहिलाच काढताना घोळ. त्याने हे सगळं लिहिलं होतं. काय करून पाहिलं, कुठपर्यंत बरोबर येतं, नेमकं कुठे बिघडतं. मराठी भाषेत, इंग्रजी अक्षरांत. त्यावर उत्तर आलं नाही. हसणारे दोन चेहरे आले.

तीन दिवसांनी त्याचीच दुसरी पोस्ट. "सापडलं. फंक्शनला हेड जात नाही, हेडची कॉपी जाते. आत कॉपी बदलली तरी बाहेरचा हेड जुन्याच नोडकडे बोट दाखवतो, आणि तो नोड तर आपण फ्री केलेला असतो. एकतर नवा हेड परत पाठवायचा, नाहीतर हेडचाच पत्ता द्यायचा. आधी मी मालॉकवर संशय घेतला होता, ते चुकलं." याच्यावर एकही चेहरा आला नाही, हसरा किंवा रडका.

दोन पोस्ट, म्हणून १० पैकी २ मार्क.

ज्याला पॉइंटर कळतो असा कोणीही माणूस त्या दोन पोस्ट वाचेल तर अर्ध्या मिनिटात सांगेल की हा मुलगा वर्गातल्या निम्म्या पोरांच्या पुढे आहे. प्रश्न नेमका मांडणं, तुकडे करून तपासणं, स्वतः उत्तर शोधणं, आणि पहिला अंदाज चुकला होता हे न लाजता लिहिणं. आपल्याला तपासायची होती ती सगळी कौशल्यं तिथे मांडून ठेवलेली होती. फक्त ती वाचायला कोणी गेलं नाही. शीटने '२' लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेली.

आम्ही सरांकडे गेलो होतो. सर वाईट नाहीत, उलट आमचे लाडकेच. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, सत्तर पोरं आहेत, चार बॅचेस, वर नॅकची कामं. हजारो मेसेज मी कधी वाचणार?" या प्रश्नाला तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे, पण ते पुढे सांगतो.

कारण हा घोळ आपल्याच कॉलेजात झालाय असं नाही. आपल्याआधी तो पुण्यात, फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे आणि आपल्यापैकी फारच थोड्यांना माहीत आहे. २०११ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यात एक प्रयोग सुरू केला, 'इंडिया एज्युकेशन प्रोग्रॅम'. सीओईपी आणि सिम्बायोसिस स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही त्यातली ठळक नावं. कल्पना अशी की विद्यार्थ्यांनी असाइनमेंट म्हणून इंग्रजी विकिपीडियावर आपल्या विषयाचे लेख लिहायचे, वाढवायचे, आणि त्याचे मार्क मिळवायचे. फाईलमध्ये लिहून कपाटात धूळ खात पडण्यापेक्षा जगाने वाचावं असं काहीतरी लिहा! किती छान, नाही का?

पुढे काय झालं याचा अंदाज तुम्ही बांधला असेल. मोठ्या संख्येने विद्यार्थ्यांनी पुस्तकांतून आणि वेबसाइटवरून उतारेच्या उतारे उचलून चिकटवले. विकिपीडियाला कॉपीराइटचं वावडं असतं. जगभरचे स्वयंसेवक, म्हणजे नोकरी सांभाळून फुकट काम करणारी माणसं, ते साफ करत बसली. एक काढावं तोवर दहा नवे. काहींची खाती ब्लॉक झाली. मदतीला जे 'कॅम्पस ॲम्बॅसेडर' नेमले होते त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना स्वतःलाच विकिपीडियावर लिहायचा फारसा अनुभव नव्हता. नोव्हेंबर २०११ मध्ये, म्हणजे एक सेमिस्टर धड पूर्ण व्हायच्या आत, प्रयोग बंद करावा लागला.

यावर 'भारतीय विद्यार्थी कॉपीच करणार' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि तेव्हा म्हटलंही गेलं असेल. मला ते पटत नाही. बारावीपर्यंत आपण निबंध गाईडमधून उतरवतो आणि त्याला शाबासकी मिळते. फाईल सीनियरच्या फाईलवरून उतरवतो आणि त्यावर सही मिळते. मग अचानक एके दिवशी उतरवणं हा गुन्हा आहे असं कळतं, तेही कुठल्यातरी परक्या माणसाकडून, इंग्रजीत. पोरांनी वर्षानुवर्षं जे कौशल्य कमावलं होतं तेच त्यांनी तिथे दाखवलं! फरक एवढाच की या वेळी ते कोणीतरी वाचलं.

आणि यातली खरी मेख लक्षात घ्या. कॉपी पकडली गेली ती कशामुळे? विकिपीडियावर प्रत्येक बदलाचा इतिहास जपलेला असतो म्हणून. कोणी, कधी, कुठलं वाक्य घातलं, कोणी काढलं, त्यावर चर्चापानावर काय वाद झाला, सगळं. ज्या नोंदीतून कॉपी दिसली त्याच नोंदीतून प्रामाणिक विद्यार्थीही दिसतो. एखाद्या मुलीने एकच परिच्छेद लिहिला, कोणीतरी तो 'संदर्भ नाही' म्हणून काढला, तिने चर्चापानावर विचारलं, संदर्भ शोधला, वाक्य सुधारलं आणि ते टिकलं. किती बाइट भर घातली हे मोजलं तर ती शेवटच्या नंबरावर. इतिहास उघडून वाचला तर पहिल्या. म्हणजे साहित्य तेच, एकच. मोजायचं की वाचायचं, एवढाच प्रश्न आहे.

नऊ वर्षांनी हेच नाटक नव्या संचात झालं. डिजिटलओशन नावाची कंपनी दर ऑक्टोबरमध्ये 'हॅक्टोबरफेस्ट' भरवते. गिटहबवरच्या मुक्त प्रोजेक्टना बदल सुचवा, चार पुल रिक्वेस्ट करा आणि टी-शर्ट मिळवा, अशी तेव्हाची योजना. २०२० मध्ये त्याचं काय झालं? टी-शर्टसाठी हजारो लोकांनी कुठल्याही प्रोजेक्टच्या रीडमी फाईलमध्ये 'अमेझिंग प्रोजेक्ट' असले शब्द घालून रिक्वेस्ट पाठवायला सुरुवात केली. त्यात आपल्याकडचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थीही भरपूर होते, हे सांगताना जरा मान खाली जाते. प्रोजेक्ट सांभाळणारे इतके वैतागले की पहिल्या काही दिवसांतच कंपनीला नियम बदलावा लागला. ज्यांना हवंय त्यांनीच आपला प्रोजेक्ट यात सामील करावा, असा. 'अमेझिंग प्रोजेक्ट' आणि आमचं 'व्हेरी नाइस एक्स्प्लनेशन', दोन्ही सख्खी भावंडंच.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने एक नियम सांगतात. एखादा आकडा हेच ध्येय झालं की तो आकडा मापाच्या लायकीचा राहत नाही. त्यांनी १९७५ मध्ये तो चलनपुरवठ्याच्या संदर्भात मांडला होता, पण आमच्या ग्रुपवर तीन आठवड्यांत तो सिद्ध झाला.

"मग स्टॅक ओव्हरफ्लोचं काय? तिथे तर पॉइंट आहेत आणि तिथले लोक हुशारच असतात की!" असं माझा एक रूमवाला मित्र म्हणतो. बरोबर आहे, २००८ पासून ती साइट पॉइंटवर चालते. उत्तराला एक मत मिळालं की १० पॉइंट. पण तिथे मत देणारा माणूस बहुतेक वेळा ते उत्तर वापरून पाहिलेला असतो. म्हणजे वाचन आधी, आकडा नंतर. आमच्याकडे आकडा आधी आणि वाचन कधीच नाही. तरीसुद्धा तिथल्या आकड्यालाही मर्यादा आहेतच. गिटमध्ये शेवटची कमिट मागे कशी घ्यायची, या प्रश्नाला तिथे पंचवीस हजारांहून जास्त मतं आहेत. प्रश्न अवघड आहे म्हणून नव्हे, तर आपण सगळेच तिथे धडपडतो म्हणून! एखाद्या आडवळणाच्या कंपायलर बगवर कोणीतरी आठवडा घालवून दिलेल्या उत्तराला सहा मतं असतात. मतं म्हणजे किती लोकांना गरज पडली. किती कौशल्य लागलं, हा वेगळा प्रश्न.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि लांबलचक, सुबक, आत्मविश्वासाने भरलेलं आणि मधूनच चुकीचं उत्तर लिहिणं फुकट झालं. डिसेंबरमध्येच स्टॅक ओव्हरफ्लोने अशा उत्तरांवर बंदी घातली. आमच्या ग्रुपवरही आता जी सर्वात गुळगुळीत उत्तरं येतात ती कोणाची असतात, हे कॅन्टीनच्या मावशीसुद्धा सांगतील. म्हणजे मोजणी तर निकामी झालीच, पण एकटंदुकटं उत्तर वाचूनही आता काही कळेना. कळतं ते पुढच्या देवाणघेवाणीतून. कोणीतरी उलट प्रश्न विचारला की काय होतं? "हे माझ्या मशीनवर चालत नाही" म्हटल्यावर तो माणूस काय करतो? माझ्या दोस्ताची दुसरी पोस्ट पहिलीशिवाय काहीच नाही. दोन्ही मिळून तो तीन दिवस काय करत होता ते दिसतं.

आता गप्प राहणाऱ्यांबद्दल. ग्रुपवर जो लिहीत नाही तो शिकत नाही, हे आपण गृहीतच धरतो. २०१२ मध्ये एमआयटीने 'सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स' हा कोर्स जगाला खुला केला होता. शिकवणाऱ्यांत आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले अनंत अग्रवाल होते. नोंदणी दीड लाखाच्या वर, शेवटपर्यंत जाऊन प्रमाणपत्र मिळवलं ७,१५७ जणांनी. नंतर संशोधकांनी सगळ्या नोंदी तपासल्या. चर्चेत काही लिहिणारे एकूण विद्यार्थ्यांच्या ३ टक्के निघाले. आणि पास झालेल्यांपैकी? त्यातल्याही जवळपास निम्म्यांनी चर्चेत एक अक्षर लिहिलेलं नव्हतं! म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास माणसं वाचून, गप्प राहून, एवढा अवघड कोर्स पास झाली. आमच्या एक्सेलने त्यांना नापास केलं असतं.

आपल्याकडच्या एनपीटीईएलने यावर सोपा तोडगा काढलाय. २५ मार्क असाइनमेंटचे, ७५ सेंटरवर जाऊन दिलेल्या परीक्षेचे, चर्चेला काहीच नाही. अन्याय नाही, पण जे बघण्यासारखं होतं तेही कोणी बघत नाही. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधल्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्स 'स्वयम्'वरून करता येतात. डिग्रीचा एवढा मोठा भाग ऑनलाइन होणार असेल आणि तिथे पोरं एकमेकांना काय शिकवतात याची दखलच घ्यायची नसेल, तर ते मला कंजूषपणाचं वाटतं.

त्यापेक्षा आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'ची पद्धत मला आवडते. तिथे मराठीतूनही धडे आहेत, दहा-दहा मिनिटांचे. शंका विचारायची तर कुठल्या धड्याच्या कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला अडलात ते सांगावं लागतं. गंमत वाटेल, पण करून बघा. 'काहीच कळत नाही सर' हे वाक्य तिथे लिहिताच येत नाही. कुठे अडलो ते शोधताना निम्म्या वेळा अडलेलंच सुटतं.

तर आता सरांच्या प्रश्नाचं उत्तर. हजारो मेसेज कोण वाचणार? कोणीच नाही, आणि वाचायची गरजही नाही. सेमिस्टरच्या शेवटी प्रत्येकाने स्वतःच्या तीन पोस्ट निवडून द्याव्यात. 'माझ्या मते इथे मी काहीतरी शिकलो किंवा शिकवलं', अशा. सत्तर पोरं, तीन पोस्ट, म्हणजे २१० पोस्ट. एकीला दोन मिनिटं धरली तर ४२० मिनिटं, सात तास. जास्त वाटतंय? मग फाईलचा हिशोब करा. सत्तर पोरांच्या दहा-दहा प्रॅक्टिकलचे राइट-अप म्हणजे ७०० सह्या. त्यातला एक तरी राइट-अप कोणी वाचतं का? 'एम' (म्हणजे एम फॉर उद्दिष्ट!) ते कन्क्लुजन सगळं मागच्या बॅचचं. एका मुलाने मधल्या पानावर चहाची रेसिपी लिहिली होती आणि त्यावरही बरोबरची खूण आली होती, ही दंतकथा प्रत्येक कॉलेजात असते. ७०० सह्यांना वेळ आहे, तर २१० पोस्टना का नसावा? खरं सांगायचं तर ऑनलाइन सहभाग ही आमची नवी फाईल झाली आहे. कागद वाचला, एवढाच फायदा.

त्या तीन पोस्टवर ओरलला एकेक प्रश्न विचारावा. "तू हे लिहिलंस ना? मग हेडचा पत्ता दिला तर काय बदलतं ते दाखव." ज्याने चॅटजीपीटीकडून आणलंय तो तिथेच गडबडेल, आणि ज्याने समजून घेऊन आणलंय तो सांगेल. मग त्याने आणलं कुठून याची मला फारशी पर्वा नाही. शिवाय ज्यांना मदत मिळाली त्यांनाही विचारा, "तुला कोणाच्या उत्तराचा उपयोग झाला?" माझा दोस्त डब्यात ज्यांना शिकवायचा ते तिघं त्याचं नाव घेतील. ग्रुपवर दिसत नसलेलं शिकवणं असंच दिसू शकतं.

यावर आक्षेप आहेत आणि ते मला माहीत आहेत. वाचून मार्क द्यायचे म्हटलं की आवडता-नावडता आलाच. एक्सेल निदान सगळ्यांना सारखंच वागवते! मान्य. पण ओरलचे आणि प्रोजेक्टचे मार्क तरी कुठे एक्सेल देते? आणि निवडलेल्या पोस्ट, त्यावरचा शेरा, सगळं ग्रुपवरच उघडं ठेवलं तर पक्षपात लपवणं आत्ताच्यापेक्षा अवघडच जाईल. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आपली प्रत्येक पोस्ट मार्कांसाठी पाहिली जाणार हे कळलं की बावळट प्रश्न विचारायची कोणाची हिंमत होईल? आणि ग्रुपचा खरा उपयोग तर बावळट प्रश्नांसाठीच असतो. म्हणूनच निवड विद्यार्थ्याच्या हातात हवी. बाकीच्या पोस्टकडे मार्कांच्या नजरेने कोणी बघायचंच नाही. आणि हो, मराठीत लिहिलं तर चालेल, असं पहिल्याच दिवशी, सरांनी स्वतः, मराठीत लिहून टाकावं. पासष्ट ओव्या लिहा असं माझं म्हणणं नाही, पण महिनाभर ज्याचं नाव ग्रुपवर आलं नाही त्याला शून्य द्यायच्या आधी एक ओळ तरी पाठवावी. 'काय रे, कुठे अडलंय?'

माझ्या दोस्ताचं पुढे काय झालं, विचाराल. काही विशेष नाही. तो विषय त्याने काढला, मार्क साधारणच पडले. त्यातले आठ त्या शीटने खाल्ले होते. तो टॉपर नाही आणि होईल असं मला वाटतही नाही. ग्रुपवर अजूनही लिहीत नाही. फक्त आता नोटीस आली की तोही एक 'थँक यू सर' टाकतो. मार्कांसाठी. त्याला तसं लिहिताना पाहिलं तेव्हा मला जे वाटलं त्यातून हा लेख झाला.

परवा गाडीत त्याला लेख वाचून दाखवला. चांगदेवांच्या भागाला हसला, फाईलच्या भागाला जोरात हसला. शेवटी म्हणाला, "पॉइंटरचं नीट लिहिलंयस ना? हेड जात नाही, हेडची कॉपी जाते. लोक तिथेच चुकतात."